नदी ‘बंद’ कशी असते?

प्रश्न : यंदा मे महिन्यात आम्ही सहकुटुंब हिमाचलमधल्या तीर्थन खोऱ्यात चार दिवस राहिलो. मला लहानपणापासून गळ टाकायचा नाद. तिथे फ्लाय फिशिंगची काठी भाड्याने मिळाली, शिकवायला गावातला एक मुलगाही सोबत आला. रोज जेवणं उरकून दोनच्या सुमारास नदीवर जायचो आणि अंधार पडेपर्यंत उभा राहायचो. चार दिवसांत एकही मासा गळाला लागला नाही. आता दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा जावं म्हणून होमस्टेच्या मालकांना फोन केला, तर ते म्हणतात, ‘तेव्हा नदी बंद असते.’ नदी काय दुकान आहे बंद असायला? आणि बंद असते, तर तिथल्या हॉटेलांत हिवाळ्यातही ट्राउट मिळतो म्हणतात, तो कुठून येतो? माझी मुलगी विचारते, गळाला खरी माशी लावतात का? शेवटचं म्हणजे, एवढ्या लांब जायचं कशाला? हे आमच्या भंडारदऱ्याला का जमत नाही?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : एका पाकिटात तुम्ही चार प्रश्न घातलेत. हरकत नाही, चारही एकाच दोरीला बांधलेले आहेत. सुरुवात मुलीच्या प्रश्नापासून करतो, कारण तो सुटला की बाकीचे सोपे होतात.

माशी खोटी असते. बारीक गळाभोवती रेशमी दोरा गुंडाळून त्यात कोंबड्याच्या मानेची पिसं, हरणाचे केस, मोराच्या पिसाचे तंतू असलं काहीबाही बांधतात आणि त्याला एखाद्या किड्याचा आकार देतात. हातात घेतली तर फुंकरीने उडेल इतकी ती हलकी असते. आता आपल्याकडचा गळ आठवा. दोरीला शिशाचं वजन असतं, ते भिरकावलं की मागोमाग दोरी जाते. पण पिसाचा किडा कितीही जोराने भिरकावला तरी तो तुमच्याच पायाशी पडणार. म्हणून इथे वजन गळाला नसून दोरीला असतं. जाड, गुळगुळीत, मुद्दाम जड केलेली दोरी हवेत मागे-पुढे खेळवायची, म्हणजे तिच्या टोकाचा किडा आपोआप पुढे जाऊन अलगद पाण्यावर उतरतो. साधी गळेरी ही गोफण, तर फ्लाय फिशिंग हा आसूड. गोफणीत दगड जातो, आसुडात आसूडच जातो. या दोऱ्यांना वजनावरून नंबर असतात. ट्राउटसाठी नेहमी वापरतात त्या पाच नंबरच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन सुमारे ९ ग्रॅम, म्हणजे एक तोळाही नाही. तेवढ्या वजनावर सगळा खेळ चालतो. त्यामुळे ‘मनगटात जोर हवा’ हा समज सोडून द्या. जोर करणाऱ्याची दोरी गुंतते. मागे गेलेली दोरी पूर्ण सरळ होईपर्यंत क्षणभर थांबणं, एवढंच खरं शिकायचं असतं.

पण माशी तरी कशाला? कारण ट्राउट तेच खातो. कधी नदीकाठी बसून पाण्यातला मुठीएवढा दगड उचलून उलटा करा. त्याच्या ओल्या पोटाला चिकटून धावणारे, चपटे, तीन शेपट्यांचे बारीक जीव दिसतील. हे मेफ्लाय नावाच्या किड्यांचे बाल्यावस्थेतले रूप. आयुष्यातले अनेक महिने ते असे दगडाखाली काढतात, मग एके दिवशी वर येऊन पंख पसरतात आणि पिढी पुढे नेऊन एक-दोन दिवसांत मरतात. पंख फुटल्यावर त्यांना खाताही येत नाही, तोंड निकामी झालेलं असतं. शेजारच्या दगडावर वाळूचे कण जोडून केलेली इवलीशी नळी दिसली, तर ती कॅडिस नावाच्या किड्याच्या अळीचं घर. दगड पाहून झाला की होता तसा ठेवा, ती वस्ती आहे. ट्राउटचं बहुतेक जेवण या पाण्याखालच्या वस्तीतून येतं. किडे वर येऊन उडायला लागतात तेव्हा तो वर येऊन टिपतो, पण ते त्याचं सणासुदीचं जेवण. आणि नावात ‘मे’ आहे म्हणून मे महिन्याचा काही संबंध लावू नका. ते नाव इंग्लंडातल्या हवामानावरून पडलं आहे.

म्हणजे गणित असं झालं. मासा कधी मिळेल हे तो कधी खातो यावर अवलंबून; आणि तो कधी खातो हे पाणी किती थंड आहे, किती नितळ आहे आणि त्यात किडे किती हलताहेत यावर अवलंबून. तुमची सुट्टी कधी आहे याचा त्यात कुठेच संबंध नाही. दुखणं इथेच आहे.

थंडीचं आधी पाहू. मासा थंड रक्ताचा. पाणी जितकं गार तितकी त्याची अंगातली भट्टी मंद. पाच अंशांच्या खाली ट्राउट तळाशी पडून राहतो, समोरून घास गेला तरी मान वळवायचा कंटाळा करतो. साधारण दहा ते सोळा अंशांत तो मनापासून जेवतो. वीसच्या वर पुन्हा खाणं सोडतो, आणि पंचविशीच्या आसपास त्याच्या जिवावर बेततं. याचं एक कारण प्राणवायू. पाच अंशांच्या पाण्यात लिटरमागे जवळजवळ १३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, वीस अंशांना तोच ९ वर येतो. पाणी तापलं की माशाची गरज वाढते आणि पुरवठा घटतो. उन्हाळ्यात नळाचं पाणी कमी आणि तहान जास्त, तसंच.

आता तीर्थनच्या वर्षाकडे वळू. ही नदी ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यानाच्या वरच्या बर्फाळ भागातून निघते, गुशैनी, बंजारच्या बाजूने उतरते आणि लारजीजवळ बियासच्या पाण्याला मिळते. ते उद्यान २०१४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. नदीवर मोठं धरण नाही, म्हणून तिचं पाणी अजून ऋतूंप्रमाणे वागतं.

मोसम उघडतो १ मार्चला. चार महिने कुणी त्रास दिलेला नसतो, मासे भुकेलेले आणि बेसावध असतात. पण पाणी पहाटे हाताला चटका बसावा इतकं गार. अशा वेळी सकाळी सहाला उठून नदीवर धावणं म्हणजे मंडईत दुकानं उघडायच्या आधी जाऊन उभं राहणं. अकरापर्यंत उन्हात चहा प्या. अकरा ते तीन पाणी जरा कोमटतं, किडे हलायला लागतात, मासा हलतो. माशी पाण्याखालची वापरायची, तळाशी वाहवत न्यायची. मार्चमध्ये तिथे पश्चिमेकडून येणारा अवकाळी पाऊस आणि गारा अधूनमधून होतातच, म्हणून दोन दिवसांचा बेत आखू नका, चार-पाच दिवस हाताशी ठेवा. एप्रिलमध्ये दुपारी किडे उडू लागतात आणि मासा पृष्ठभागावर येऊन घेतो, ते बघण्यासारखं असतं.

आणि मग येतो तुमचा मे. मे वाईट नसतो, तुमची वेळ वाईट होती. वरच्या डोंगरांवरचं बर्फ दिवसा उन्हाने वितळतं. ते पाणी ओढ्यांतून खाली यायला काही तास लागतात. म्हणून मे-जूनमध्ये नदी पहाटे सगळ्यात खाली आणि सगळ्यात नितळ असते, दुपारनंतर चढू लागते, संध्याकाळी फुगलेली आणि गढूळ होते. त्यात खडकाची पीठासारखी भुकटीही मिसळलेली असते, पाण्याला धुरकट रंग येतो तो तिचाच. मी स्वतः एकदा बंजारच्या वर, मे महिन्यात, सकाळी सातला एका चपट्या खडकावर बूट काढून ठेवले आणि वरच्या डोहाकडे गेलो. चार वाजता परत आलो तर खडक दिसेना. बूट शोधायला जी धावाधाव केली ती मासे पकडण्यापेक्षा जास्त श्रमाची होती. एक बूट सापडला.

ट्राउट डोळ्यांनी शिकार करतो. गढूळ पाण्यात तुमचा पिसाचा किडा त्याला दिसतच नाही. म्हणजे चार दिवस तुम्ही नेमक्या त्याच तासांत उभे राहिलात ज्यांत नदी गढूळ, जोरात आणि बर्फाने गारठलेली. होमस्टेवाल्यांना दोष देऊ नका, सोबतच्या मुलालाही नको. पाहुणा जेवून निघतो म्हटल्यावर तो बिचारा काय बोलणार? मे महिन्यातच जायचं असेल तर पहिला पंधरवडा गाठा, पहाटे साडेपाचला पाण्यावर उभे राहा, अकराला आवरा आणि दुपारी झोपा. नदीच्या मुख्य पात्रापेक्षा लहान, झऱ्यांच्या पाण्यावर चालणाऱ्या ओढ्यांची तोंडं जास्त नितळ राहतात, तिथे प्रयत्न करा.

पावसाळ्याबद्दल फार लिहायची गरज नाही. जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत नदी चहाच्या रंगाची असते, आणि कधी एका तासात पात्रभर होते. जुलै २०२३ मध्ये कुलू भागात बियासने काय केलं ते सगळ्यांनी दूरचित्रवाणीवर पाहिलंच आहे. त्या दिवसांत पाण्यात उतरू नका. काठावर बसून भजी खा.

खरा हंगाम त्यानंतरचा. पाऊस ओसरला की आठ-दहा दिवसांत पाणी काचेसारखं होतं. बर्फ वितळायचं थांबलेलं, डोंगर झऱ्यांतून हळूहळू पाणी सोडतो, तापमान माशाच्या आवडीचं. काठचं गवत कमरेइतकं वाढलेलं असतं, त्यातले नाकतोडे आणि मुंग्या वाऱ्याने पाण्यात पडतात. आणि पुढे विणीचे दिवस येणार म्हणून मासा अंग भरून घ्यायला अधाशासारखा खातो. ब्राऊन ट्राउटच्या अंगावरचे लाल ठिपके याच दिवसांत गडद होतात. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरची अखेर, असा हा काळ.

एकच अडचण असते. पाणी नितळ म्हणजे मासाही तुम्हाला पाहतो. इथे एक गंमतीचा नियम आहे. पाण्याखालून वर पाहणाऱ्याला बाहेरचं सगळं जग एका गोल खिडकीतून दिसतं, कारण पाण्यात शिरताना प्रकाश वाकतो. खिडकीचा कोन कायम सुमारे ९७ अंश. मासा एक फूट खोल असेल तर डोक्यावरची ही खिडकी सव्वादोन फूट रुंद. काठाजवळ, क्षितिजालगत जे काही असेल ते या खिडकीच्या कडेला चेपलं जाऊन अंधूक दिसतं. म्हणून जो वाकून, गुडघ्यावर येऊन पुढे सरकतो तो माशाला जवळजवळ दिसत नाही, आणि जो छाती काढून उभा राहतो तो ठळक दिसतो. मला हे कुण्या पुस्तकाने नाही, गुशैनीतल्या बारा-तेरा वर्षांच्या पोराने शिकवलं. ‘साहब, पहले ये लाल जैकेट उतारो, फिर बैठ जाओ,’ एवढंच तो म्हणाला. मासा कायम प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, कारण घास वरून वाहत येतो. म्हणजे तुम्ही खालच्या अंगाने, त्याच्या शेपटीकडून गेलं पाहिजे. आणि बघायचं कुठे? वेगाच्या धारेत नव्हे, साचलेल्या डबक्यातही नव्हे. दोन्हींच्या मधल्या शिवणीवर, मोठ्या दगडाच्या आडोशाला. तिथे उभं राहायला कष्ट कमी आणि ताट समोरून वाहतंय.

आता ‘नदी बंद’. हिमाचलच्या ट्राउटच्या पाण्यांत १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसापर्यंत गळ टाकायला कायद्याने बंदी असते. नदी वाहतच असते, बंद असतो तो आपला हात. कारण हे दिवस विणीचे. ब्राऊन ट्राउटची मादी वाहत्या, उथळ पाण्यात शेपटीने खडी उकरून खळगा करते, अंडी घालते आणि वर पुन्हा खडी ढकलते. दहा अंशांच्या पाण्यात ती अंडी फुटायला चाळीसेक दिवस लागतात, पाच अंशांना जवळपास दुप्पट. फुटल्यावरही पिल्लं पोटाशी बलकाची पिशवी घेऊन कित्येक आठवडे खडीतच दडून राहतात. तेव्हा नुकसान फक्त गळाने होतं असं नाही. गुडघाभर पाण्यात फोटो काढायला उतरलेला माणूसही बुटाखाली पुढची पिढी चिरडू शकतो. याची आपल्याला नवलाई वाटायचं कारण नाही. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत आणि कोळीवाड्यात नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. समुद्राची सुट्टी आपल्याला ठाऊक आहे, नदीची ठाऊक नाही, एवढाच फरक.

यावरून दिवाळीचा हिशोब तुम्हीच करू शकाल, पण एक सोपी खूण देतो. ज्या वर्षी अधिक महिना येतो त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरात सरकते. यंदा, २०२६ मध्ये, अधिक ज्येष्ठ होता, म्हणून लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, नदी आठवडाभर आधीच बंद झालेली असेल. पुढच्या वर्षी ते २९ ऑक्टोबरला म्हणजे अगदी उंबरठ्यावर. २०२८ मध्ये १७ ऑक्टोबरला, तेव्हा खुशाल जा. २०२९ मध्ये अधिक चैत्र, पुन्हा दिवाळी नोव्हेंबरात. म्हणजे तीन वर्षांतून एखादीच दिवाळी तुमच्या कामाची.

मग यंदा कधी जायचं? पंचांग उघडा. अनंत चतुर्दशी २५ सप्टेंबरला. २७ सप्टेंबर ते १० ऑक्टोबर पितृपक्ष. हिमाचलात पाऊस माघारी फिरलेला, नदी निवळलेली, आणि आपल्याकडे कुणाची लग्नं नाहीत, मुंजी नाहीत, नवी खरेदी नाही, त्यामुळे गाड्यांना आणि खोल्यांना गर्दी कमी. ट्राउटच्या दृष्टीने वर्षातला सर्वोत्तम पंधरवडा नेमका तो आहे जो मराठी माणूस घरात बसून काढतो. त्या पंधरवड्यात मासे खायचे की नाहीत, हा ज्याच्या-त्याच्या घरचा प्रश्न आहे. पकडून सोडून द्यायला मात्र कुठल्याच शास्त्राची आडकाठी ऐकिवात नाही. सोडायचा असेल तर गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाका, आणि माशाला हात लावण्यापूर्वी हात पाण्यात भिजवा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो.

नवरात्रातही चालेल, पण दसऱ्याला, म्हणजे २० ऑक्टोबरनंतर, जरा विचार करून. कुलूचा दसरा विजयादशमीला सुरू होतो आणि सात दिवस चालतो. आसपासच्या खोऱ्यांतल्या देवता पालख्यांतून तिथे जातात. बघण्यासारखा सोहळा आहे, पण खोल्या मिळत नाहीत आणि सोबतीला येणारा मुलगाही देवाबरोबर गेलेला असतो.

हॉटेलातल्या ट्राउटचं कोडं याहून सोपं. तो नदीतला नसतो. सिमेंटच्या लांबट, वाहत्या पाण्याच्या हौदांत पाळलेला असतो, आणि बहुधा तो रेनबो ट्राउट, मूळचा उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक बाजूचा. पाळीव माशाला नदीची बंदी लागू नाही, जशी पोल्ट्रीच्या कोंबडीला शिकारीची नसते. यातच आणखी एक समज निघून जावा. ‘ट्राउट म्हणजे हिमालयातला अस्सल मासा’ असं पर्यटनाच्या पाट्यांवरून वाटतं. नदीतला ब्राऊन ट्राउटही बाहेरचाच. ब्रिटनमधून अंडी आणून काश्मीरात तो रुजवला गेला विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, आणि कुलूकडे आला १९०९ मध्ये, कटराईंजवळच्या महिलीच्या अंडी उबवणी केंद्रातून. तिथला मूळचा मासा वेगळा आहे. त्याला इंग्रजीत स्नो ट्राउट म्हणतात, पण तो ट्राउट नव्हेच, आपल्या रोहू-कटल्याच्या मोठ्या कुळातला आहे. साहेबाला जे थंड पाण्यात दिसलं त्याला त्याने ओळखीचं नाव दिलं.

राहिलं भंडारदरा. तुमच्या घरातून कळसूबाई दिसत असेल तर उत्तर समोरच उभं आहे. १,६४६ मीटर, महाराष्ट्रातली सगळ्यात उंच जागा. त्यावर वर्षभर वाहणारी नदी नाही, बर्फ नाही, आणि एप्रिल-मेमध्ये सह्याद्रीतले उरलेसुरले डोह पंचविशीच्या बरेच वर तापतात. ट्राउट तिथे एक उन्हाळाही काढणार नाही. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारला तो टिकला, कारण तिथली पठारं दोन हजार मीटरांच्या आसपास आहेत. तिथली थंडी उंचीतूनच येते.

पण हात चोळत बसायचं कारण नाही. फ्लाय फिशिंगला ट्राउटच लागतो हाही गैरसमजच. माशी दुसऱ्या माशांनाही चालते, आणि आपल्याकडे त्याहून दांडगा, खवल्याखवल्यांचा महसीर आहे. दख्खनच्या महसीराला शास्त्रीय नाव मिळालं ते १८३९ मध्ये, पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून. कर्नल साईक्स यांनी त्याची नोंद केली आणि नावात ‘खुद्री’ हा देशी शब्द ठेवला. धरणं आणि सांडपाण्याने तो आता कमी झाला आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात महसीराची पैदास करून पिल्लं सोडण्याचं काम अनेक दशकं चाललेलं आहे. म्हणून कुठल्या पाण्यात परवानगी आहे हे मत्स्यव्यवसाय खात्याकडून विचारल्याशिवाय गळ काढू नका. आणि महाडजवळच्या वाळण कोंडीला तर काठी नेऊच नका. तिथला डोह देवीचा, त्यातले महसीर देवीचे. लोक त्यांना खायला घालतात, पकडत नाहीत. कायद्याने जे चार महिने साधायचं ते तिथे श्रद्धेने बारा महिने साधलं आहे.

थोडं जाण्यायेण्याचं. चंदीगडपर्यंत रेल्वे, तिथून मनालीकडे जाणारी बस. औटच्या बोगद्याआधीच उतरायचं, बोगद्यात शिरलात की कुलूला पोचलात असं समजा. तिथून लारजीवरून बंजारला फाटा जातो. ट्राउटसाठी मत्स्य विभागाचा दिवसाचा परवाना लागतो. होमस्टेचे मालक कुठे मिळतो ते सांगतील. दिवसाला किती मासे आणि किती मोठे ठेवता येतात ते परवान्यावरच वाचून घ्या, सांगोवांगीवर जाऊ नका. राष्ट्रीय उद्यानाची हद्द कुठे सुरू होते तेही विचारा, तिच्या आत वन्यजीव कायदा आहे. बूट घट्ट पकडीचे घ्या, एका काठीवर भार देऊन चाला, मांडीच्या वर पाणी आलं की मागे फिरा. आणि मुलीला नक्की न्या. दगड उलटा करून किडे दाखवायला तुम्हाला कुणीतरी लागेल, आणि खिडकीचा तो ९७ अंशांचा हिशोब ती तुमच्याआधी समजून घेईल.

तर दिवाळीचं तिकीट काढलं नसेल तर काढू नका. पितृपक्षातलं काढा. यंदा जमलंच नाही, तर पुढच्या गुढीपाडव्याच्या आसपास, ७ एप्रिल २०२७ च्या आठवड्यात जा. फक्त एवढं करा, या खेपेला जेवून दोन वाजता निघू नका.